चादरींच्या खोलीचं हिरवं दार

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तेवढंच. बाकी सगळ्या शहराला तो 'कशावरून' म्हणून माहीत. बांधकाम खात्यातला पगारी रंगारी. अडतीस वर्षं हातात ब्रश आणि अडतीस वर्षं तोंडात हा एकच शब्द. दूधवाला म्हणाला, दूध सकाळचंच आहे, की हा विचारणार, कशावरून? डॉक्टर म्हणाले, काळजीचं कारण नाही, की हा चष्मा पुसत पुसत, कशावरून? सासऱ्यांनी 'मुलगी मनानं सरळ आहे' असं सांगितलं तेव्हा मात्र त्यानं विचारलं नाही, कारण मुलगी समोरच बसली होती आणि दिसायला छान होती. आयुष्यात एकदा विचारायचं राहिलं, आणि ते पुढं चौतीस वर्षं त्याला खुपलं. का खुपलं, तेच सांगायचं आहे.

तर त्या शहराचा राणीवर जीव होता, आणि तो काही वरवरचा नव्हता. पन्नास वर्षं एकच बाई गादीवर. पोस्टाच्या तिकिटावर ती, बिस्किटाच्या डब्यावर ती, न्हाव्याच्या आरशावर चौकटीत ती. लोकांचे केस पिकले तसे तिकिटावरचे तिचेही पिकले, त्यामुळं ती घरातलीच वाटायची. एकदा ती तापानं पडली होती तर भाजीबाजारात लोक आवाज खाली ठेवून घासाघीस करत होते. पन्नास वर्षांत ती या शहरात आली मोजून चार वेळा. पण लोकांच्या आठवणी ऐकाल तर ती इथंच कुठंतरी भाड्यानं राहत होती असं वाटेल.

रंगाऱ्याला या आठवणींचा भयंकर राग. आणि त्याला राग यायचा हक्क होता, कारण राणी कुठून गेली हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती येणार म्हटलं की महिनाभर आधी खात्यात नकाशा यायचा, त्यावर एक लाल रेघ. त्या रेघेवरून चालताना जे दिसेल तेवढंच रंगवायचं. भिंत वळणापर्यंत. झाडाचं खोड छातीपर्यंत. दाराची जी बाजू दिसणार तीच. मागची जन्मभर उघडी पडली तरी चालेल. खात्यात याला 'नजरेपुरता रंग' म्हणायचे. रंगही ठरलेला, क्रीम. बिचाऱ्या राणीला उभं राज्य क्रीम रंगाचं वाटत असणार. आणि ज्यांनी महिनाभर राबून ते क्रीम केलं, त्या रंगाऱ्यांना त्या दिवशी चार गल्ल्या लांब ठेवायचे, अंगाला टर्पेंटाइनचा वास येतो म्हणून. चार भेटींत मिळून त्यानं राणीची पाहिली ती एक टोपी, तीही मागून.

यंदा पन्नासावं वर्ष, म्हणून वाचनालयात एक जाडजूड वही ठेवली होती. ज्यानं त्यानं येऊन आपली राणीची आठवण लिहायची. रंगारी आता निवृत्त, वेळच वेळ. तो रोज सकाळी जाऊन ती वही वाचायचा, पोलीस जबान्या वाचतात तशी. शाळेच्या बाईंनी लिहिलं होतं की राणीनं गच्चीतली बाग पाहिली. छट, जिना रंगवलाच नव्हता, वर जाईल कशी? न्हाव्यानं लिहिलं होतं की दवाखान्याच्या भेटीत राणीनं त्याच्याकडं बघून हात हलवला, आणि तोही डावा. यावर रंगारी मोठ्यानं हसला होता. राणी उजवा हात हलवते. सगळ्या फोटोंत उजवा. खोटं बोलायचं तर निदान बघून तरी बोलावं, असं त्यानं न्हाव्याला त्याच्याच खुर्चीत बसून सुनावलं. न्हाव्याचा वस्तरा याच्या गळ्याशी होता, तरी.

पण या सगळ्या खोटारड्यांमध्ये एक त्याच्या घरातच होती, असं त्याचं ठाम मत. शेजारीण एकदा त्याच्या बायकोला म्हणाली की तुम्हीही लिहा ना वहीत, दवाखान्यातल्या तुमच्या खोलीत तर राणी येऊन बसली होती म्हणतात. तेव्हा हा मधेच म्हणाला, "हो, लिही की. कशावरून तेही लिही." बायकोनं नजर खाली घालून नुसतं हसून घेतलं. ते हसू! चौतीस वर्षं ते तसंच्या तसं होतं, आणि ते दिसलं की रंगारी चष्मा काढून पुसत बसायचा.

झालं होतं असं. राणी सरकारी दवाखान्याचा नवा वॉर्ड पाहायला येणार होती, आणि बायको त्याच दवाखान्यात चादरींच्या खोलीत कामाला होती. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, फाटक्या वेगळ्या काढायच्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घालायच्या. लाल रेघ तिच्या खोलीच्या दारावरून जात होती, म्हणजे दार बाहेरून क्रीम. आतून मात्र नुसतं लाकूड, पंचवीस वर्षांचे डाग मिरवणारं. आदल्या दिवशी ती त्याला म्हणाली की दिवसभर मी बघते ती आतली बाजू, आणि तिलाच मेलं कुणी विचारत नाही. नवऱ्याला कळवळा आला. तेव्हा यायचा.

भेटीच्या दिवशी पहाटे तो गुपचूप गेला. बागेच्या बाकांचा हिरवा डब्याच्या तळाला उरला होता. तो पुरेना म्हणून त्यात थोडा क्रीम ओतला, मग फारच फिका झाला म्हणून काळ्याचं बोट घातलं. असा कुठल्याच डब्यावर नाव नसलेला हिरवा तयार झाला, आणि त्याचा एक हात त्यानं दाराला आतून मारला. सरकारी रंग, हुकमाशिवाय, आणि तोही राणीच्या दिवशी. ऑइलपेंट दहा वाजेपर्यंत वाळणार नाही हे त्याला कळत होतं. पण आत कोण मरायला येतंय? कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. त्याच महिन्यात एकाला नुसती शिडी विसरली म्हणून घरी बसवलं होतं. बायकोला 'दाराला टेकू नकोस' सांगून तो चार गल्ल्या लांब जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्दी अडवायला बांधलेले दोरखंड सोडवायला गेला तेव्हा त्यानं खोलीत डोकावलं. बायको अजून यायची होती. दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या वर, हिरवा रंग फिसकटलेला. एक तळवा आणि ओढत गेलेली चार बोटं. त्यानं चष्मा लावला, जवळ गेला. रंगात बोटांच्या रेषा उमटल्या नव्हत्या. उमटली होती कापडाची वीण. म्हणजे हातमोजा. आणि हात आतून लागलेला, म्हणजे कुणीतरी आत येऊन दार लावून घेतलेलं.

दवाखान्यात कापडी हातमोजे घालणारा माणूस एकच, स्टोअरकीपर. धुण्याच्या सोड्यानं त्याच्या हातांना भेगा पडायच्या, म्हणून बारा महिने पांढरे सुती मोजे. चादरींच्या खोलीची दुसरी किल्ली त्याच्याकडं. आणि तो रंगाऱ्याचा जिवाभावाचा मित्र. दर रविवारी याच्याच घरी पत्ते खेळायला यायचा, हिला वहिनी म्हणायचा, आणि त्याच्या फालतू विनोदांवर ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायची. दारासमोर उभ्या उभ्या रंगाऱ्याला ते सगळे रविवार आठवले.

संध्याकाळी त्यानं बायकोला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, काल खोलीत कुणी आलं होतं का? तिनं आधी खिडकी लावली. मग हळूच म्हणाली, "राणी आली होती." आणि सांगत सुटली. वॉर्डाकडून जिन्याकडं जाताना राणी मधेच थांबली, सोबतच्या बाईंना बाहेर उभं केलं, आत आली, दार लावलं आणि म्हणाली, जरा टेकू का? चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. डाव्या पायातला बूट काढून पाऊल चोळलं. नवा होता, चावत होता. पाच मिनिटं बसली आणि गेली.

रंगारी वाट बघत राहिला की ही आता रंगाचं बोलेल. ती रंगाचं अवाक्षर बोलली नाही. मग त्यानं मनाशी जुळवाजुळव केली. राणीचा हात ओल्या रंगाला लागला असता तर केवढा गहजब झाला असता. चौकशी लागली असती. आपण आत्ता घरी बसलो असतो. काहीच झालं नाही, म्हणजे तो हात राणीचा नव्हता. आणि हिनं राणीचं नाव घेतलं, म्हणजे ज्याचा होता त्याचं नाव घेता येत नव्हतं. बिनचूक तर्क होता, आणि बिनचूक होता म्हणूनच त्यानं घात केला.

त्यानं दुसऱ्याच दिवशी जाऊन ते फिसकटलेलं दुरुस्त केलं. तसला हिरवा पुन्हा जमेना, ठिगळ जरा गडद दिसत राहिलं. बायकोनं ते ठिगळ पाहिलं, मग याच्याकडं पाहिलं, आणि हसली. तेच ते हसू. केवढी निर्ढावलेली ही, असं त्याला वाटलं, आणि त्यानं तोंडाला कुलूप लावलं.

पुढच्या रविवारी त्यानं स्टोअरकीपरला घरात नाही म्हणून कळवलं, त्याच्या पुढच्या रविवारी डोकं दुखतंय म्हणून. मग शहराच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं. दवाखान्याचं काम सोडून शाळांचं मागून घेतलं. स्टोअरकीपर दोनदा रस्त्यात आडवा आला, काय रे, काही झालंय का म्हणाला. यानं कामाची घाई सांगितली. तिसऱ्यांदा तो आडवा आला नाही. बायकोवर यानं कधी आवाज चढवला नाही, हात तर नाहीच. उलट तिचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून काढले. प्रेम होतं हो, तीच तर पंचाईत होती. पण कुणासमोर राणीचा विषय निघाला की हा 'कशावरून' म्हणून टोचणार, आणि ती हसणार. गेल्या हिवाळ्यात स्टोअरकीपर वारला. बायको म्हणाली, चला. हा म्हणाला, गुडघे दुखतात. ती एकटी गेली आणि डोळे सुजवून परत आली. ते डोळेही यानं पुराव्यात जमा केले.

आता वही झाली, तसं राणीच्या पन्नास वर्षांचं प्रदर्शनही निघालं, नगरभवनाच्या खालच्या दालनात. ठेकेदाराच्या माणसांनी भिंती क्रीम केल्या आणि जागोजाग ओघळ सोडले, म्हणून निस्तरायला म्हाताऱ्याला बोलावणं आलं. तो शिडीवर उभा राहून पॉलिश पेपर मारत होता. खाली प्रदर्शनवाल्या बाई राजवाड्याहून आलेलं खोकं उघडत होत्या आणि स्वतःशीच चिडत होत्या. राजवाड्याची रीत अशी, की दौऱ्यावरून आल्यावर राणीचे हातमोजे धुवायचे आणि पातळ कागदात गुंडाळून त्यावर शहर आणि तारीख लिहून ठेवायची. ज्या शहरात प्रदर्शन, त्या शहराचे मोजे पाठवतात. तिन्ही जोड बरे होते, चौथ्यातला एक खराब. बाईंनी वर बघून विचारलं, "काका, हा रंगाचाच डाग आहे का हो?"

काका खाली उतरले. उजव्या हाताचा मोजा, पांढरा सुती. तळव्यावर आणि चार बोटांवर हिरवं. कागदावर दवाखान्याच्या भेटीची तारीख, आणि खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेलं: डाग गेला नाही.

तो शिडीच्या खालच्या पायरीवर बसून कागद पुन्हा पुन्हा वाचत राहिला. बाईंनी पाणी दिलं. लाल रेघेवर हिरवं काहीच नव्हतं, सगळं क्रीम होतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? पण इतक्या वर्षांची सवय अशी जात नाही. पाणी पितानाही त्याच्या मनात आलंच, कशावरून? बागेतला बाक असेल.

म्हणून तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. चादरींच्या खोलीत आता जुन्या फायली होत्या. खिशातून रंग काढायची पट्टी काढून तो दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या खाली, जिथं ठिगळ नव्हतं तिथं खरवडू लागला. रंगारी दार खरवडतोय म्हटल्यावर कोण अडवतंय? पांढरा निघाला, त्याखाली करडा, त्याखाली पुन्हा पांढरा, मग पिवळट, आणि सगळ्यांत खाली तो. नखाएवढी खपली त्यानं रुमालात घेतली, नगरभवनात नेली आणि बाईंच्या परवानगीनं मोज्याशेजारी धरली. थोडा बाकांचा, थोडा क्रीम, काळ्याचं एक बोट. त्यानं ती खपली खिडकीशी नेऊन पाहिली, दिव्याखाली पाहिली, आणि मग त्याच्याजवळ शंका घ्यायला काही उरलं नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं. बायको खरं बोलली होती! घरी जाताना तो वाटेत दोनदा स्वतःशीच हसला, म्हाताऱ्याला काय झालं म्हणून लोक बघत राहिले.

घरी बायको दोरीवरच्या चादरी काढत होती. नोकरी सुटली तरी तिची घडी तीच, दोघांनी चार टोकं धरायची, ताणायची, कोपऱ्याला कोपरा. त्यानं पुढं होऊन आपली दोन टोकं धरली.

"अगं, राणी खरंच आली होती तुझ्याकडं."

"कशावरून?" ती म्हणाली आणि मिश्कील हसली.

त्यानं मोजा सांगितला, खपली सांगितली. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा एखाद्या पोरीसारखा फुलला. म्हणजे ठेवला होय तिनं तो, ती म्हणाली, मला तर म्हणाली होती की धुतला की जाईल! मग इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं ती बोलली. राणीनं तळवा पाहिला तेव्हा हिचा जीवच गेला होता. कुणी रंगवलं विचारलं, तर हिनं खरं ते सांगून टाकलं, की माझ्या नवऱ्यानं, हुकमाशिवाय, माझ्यासाठी. राणीनं तळव्याकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग बूट चढवला, मूठ मिटली आणि म्हणाली, हे आपल्या दोघींत राहू दे. बाहेर गेल्यावर फुलांचा गुच्छ त्याच हातात घट्ट धरला, तळवा आत करून, आणि शेवटपर्यंत डावा हात हलवत राहिली.

न्हावी खरं सांगत होता तर.

"पण मी हे तुम्हाला काय सांगत बसलेय," ती चादर ताणत म्हणाली. "तुम्हाला कळलंच होतं की. दुसऱ्या दिवशी ठिगळ मारलंत ना, तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, यांनी हात बघितला, यांना उमगलं, आणि आता लोकांपुढं कशावरून-कशावरून करून मुद्दाम झाकतायत. मी दिलेला शब्द तुम्हीच पाळताय असं वाटायचं. फार बरं वाटायचं मला."

एक 'हो' म्हटलं असतं तर भागत होतं. कुणाला कळणार होतं? पण न तपासता काही पदरात घ्यायचं नाही, हा त्याचा जन्माचा खाक्या, आणि नेमक्या त्याच वेळी तो आडवा आला. तो चादरीकडं बघत राहिला.

तिचं हसू हळूहळू उतरलं. "नव्हतं कळलं?"

त्यानं आपली दोन टोकं आणखी घट्ट धरली.

"मग तो हात कुणाचा वाटला तुम्हाला?"

तिनं सगळी हयात त्या दवाखान्यात काढली होती. तिथं मोजे कोण घालायचं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती मनातल्या मनात एकेक पायरी उतरत तिथं पोहोचताना त्याला समोर दिसत होती आणि तिला थांबवता येत नव्हतं.

"म्हणून पत्ते बंद झाले," ती म्हणाली. मग म्हणाली, "म्हणून मयताला आला नाहीत."

बाहेर कुणीतरी सायकल लावून गेलं. त्याला 'चुकलं माझं' म्हणायचं होतं, पण ते कुणाला म्हणायचं, हिला की गेलेल्या मित्राला, हे ठरेना.

"त्यांच्या शेवटच्या आजारात मी भेटायला गेले होते तेव्हा त्यांनी मला विचारलं," ती म्हणाली, "वहिनी, माझं काय चुकलं? मी म्हटलं, तुमचं काही नाही हो, ते सगळ्यांशी तसेच वागतात."

ती पुढं आली, त्याच्या हातातली दोन टोकं तिनं काढून घेतली आणि चादरीची घडी एकटीनंच घातली, कोपऱ्याला कोपरा जुळवून. दोरीवर अजून तीन चादरी होत्या. त्यांच्या घड्याही तिनं एकटीनंच घातल्या.